शांघाय केंद्रावरचा आवाज

चुंगकिंग, ४ फेब्रुवारी १९४३

शाओथांग यांस,

काल सकाळी मी तुम्हाला ऐकलं.

हे पत्र टपालाने पाठवणार नाही, म्हणून इतकं सरळ लिहिते आहे. टपालाचं पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत आमचेही लोक वाचतात आणि तुमच्याकडचेही. कापडाचा रंग विकणारे ख्वांग महिनाअखेरीस पुन्हा शांघायच्या बाजूला निघतील. दोन्हीकडच्या चौक्यांवर त्यांची ओळख आहे. लढाई असली तरी बायकांना निळा रंग लागतोच. ते नेतील. तोवर जमेल तसं लिहून ठेवीन.

मी आता शाळेत शिकवत नाही. गेल्या वर्षापासून एका वृत्तसंस्थेत जपान्यांच्या ताब्यातल्या शहरांतली शत्रूची रेडिओ केंद्रं ऐकून उतरवून घेण्याचं काम करते. हे टपालातून कळवता येत नव्हतं. माझ्याकडे नानकिंग असायचं. शांघाय ऐकणाऱ्या बाईंना विषमज्वर झाला, तेव्हा आमचे बियन साहेब म्हणाले, "बाई, थोडे दिवस तेही सांभाळा." मी कानाला ऐकण्याचं यंत्र लावलं, खरखर जरा बाजूला झाली आणि तुम्ही म्हणालात, "आता बातम्या. वाचत आहेत चेन."

चेन म्हणून हाक मारली तर तुम्ही वळून बघता का?

स्टालिनग्राडची बातमी होती. जर्मन फौज शेवटच्या गोळीपर्यंत लढली, तिने शौर्याची परिसीमा गाठली, असं काहीबाही. ती शरण आली हे आम्हाला मॉस्को आणि लंडनकडून आधीच कळलं होतं. तुमच्या कागदावर तो शब्द नव्हता. 'शौर्य' म्हणताना तुमचा श घसरला, 'सौर्य' झालं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी यावरून मी तुम्हाला छळायची, आणि तुम्ही मुद्दाम माझ्या तोंडावर 'सहरातल्या साळेत सिकवतो' म्हणायचात. तोवर शंका घ्यायला जागा होती. त्यानंतर राहिली नाही.

माझा हात थांबला नाही. अथपासून इतिपर्यंत उतरवून घेतलं आणि कागद बियन साहेबांच्या टेबलावर ठेवून जिना उतरून आले.

गेल्या उन्हाळ्यातल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतो. तुमच्या आई ते पत्र अजून उशीखाली ठेवतात. आज आपल्या चांद्र वर्षाचा शेवटचा दिवस, म्हणून मी तांदळाच्या पिठाच्या वड्या केल्या. रेशनच्या तांदळात खडे असतात, कितीही निवडा. रुईने दोन वेळा घेतल्या, वर लाल मिरचीची चटणी घालून. तुमची लेक आता इथल्या पोरींसारखी बोलते आणि इथल्या पोरींसारखी तिखट खाते. आईंनी एक तुकडा तोंडात धरला आणि हळूच काढून ठेवला. त्यांचं पोट फार फुगलं आहे. डॉक्टर म्हणतात यकृत. आणखी काही म्हणत नाहीत.

त्यांना काही सांगितलं नाही.

पेइलान


७ फेब्रुवारी

नवं वर्ष लागून दोन दिवस झाले. धुकं आहे. धुकं असलं की विमानं येत नाहीत, म्हणून इथे लोक धुक्याला नावं ठेवत नाहीत.

आज तुम्ही आमच्याबद्दल वाचलंत. चुंगकिंगमध्ये एका वर्तमानपत्राचं तोंड बंद केलं, कारण त्याने होनानच्या दुष्काळाचं खरं सांगितलं. यंत्र कानाला लावून मी वाट बघत होते की ह्यात खोटं कुठे येतं. फारसं आलंच नाही. ते वर्तमानपत्र तीन दिवस खरंच बंद होतं. होनानमध्ये माणसं झाडांच्या साली खाताहेत, आणि ज्याने ते छापलं त्याला गप्प बसवलं आमच्याच लोकांनी. बियन साहेबांनी माझा कागद वाचला, फाइलीत घातला आणि चष्मा पुसत बसले.

म्हणजे तुम्ही तिकडे रोज खोटंच वाचता, असंही मला म्हणता येत नाही. मी फार दमले आहे. निदान तेवढं तरी सोपं असायला हवं होतं.


१० फेब्रुवारी

काल तोक्योने सांगितलं, आज तुम्ही सांगितलंत. ग्वादालकनाल बेटावरच्या जपानी फौजा आपलं काम पुरं करून 'दुसऱ्या दिशेला वळल्या.'

आमच्या खोलीत हसण्याचा गदारोळ झाला. बियन साहेबांनी टेबलावर थाप मारली. "वा! पळाले म्हणायला काय गोड शब्द शोधलाय! उद्या मीही घरी सांगतो, पगार झाला नाही, तो दुसऱ्या दिशेला वळला."

मीही हसले. न हसणारी एकटीच राहिले असते तर दिसलं असतं.

हसणं ओसरल्यावर ते माझ्याजवळ आले. "हा चेन नवा आहे. तुमच्याकडचा वाटतो. च्याशिंगचा?"

"त्या बाजूचा असेल," मी म्हटलं.

"ओळखीचा नाही ना?"

"च्याशिंग काही खेडं नाही, साहेब."

"नाही, खेडं नाही," ते म्हणाले आणि गेले. त्यांच्या सुरात संशय नव्हता. मला संशय सहन झाला असता.

'वळल्या' म्हणण्यापूर्वी तुम्ही थांबलात. एक श्वासभर. कागद उलटत होतात की आणखी काही, हे दिवसभर माझ्या डोक्यात फिरत राहिलं. आजारी बाईंना बरं वाटतं आहे, त्या परत येतील. मी साहेबांना म्हटलं, त्यांना अजून विश्रांती घेऊ द्या, मी करते. साहेब म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून देश चाललाय.


१४ फेब्रुवारी

आईंनी खाणं जवळजवळ सोडलं आहे. पेज देते, ती दोन घोट घेतात. मन दुसरीकडे लागावं म्हणून मी कामावरच्या बातम्या सांगते. रशियनांनी अमुक शहर घेतलं, आफ्रिकेत तमुक झालं. ते त्यांच्या कानाशी थांबतं. पण हिंदुस्थानातली बातमी त्यांनी धरून ठेवली आहे. तिथे पुणे म्हणून गाव आहे, तिथल्या एका वाड्यात इंग्रजांनी गांधींना कैदेत ठेवलं आहे आणि त्यांनी उपास धरला आहे. मी सहज सांगितलं. आईंनी डोळे उघडले.

"वय काय त्याचं?"

"तुमच्याएवढं. एखादं वर्ष कमी."

"पाणी पितो?"

"पितात. लिंबू घालून."

"मग टिकेल," आई म्हणाल्या. देवळात उपास केलेल्या बाईचं मत होतं ते. तेव्हापासून मी दारातून आत आले की पहिला प्रश्न, "तो म्हातारा जेवला का?" मी म्हणते, नाही अजून. त्या म्हणतात, "हट्टी आहे." आणि त्या दिवशी माझ्याकडून दोन घोट जास्त घेतात, जणू त्याच्या वाटणीचे.

आज त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "पेइलान, शाओथांग स्वप्नात येतो गं. समोर बसतो, तोंड हलतं, पण आवाज नाही. मी म्हणते, जरा मोठ्याने बोल बाबा. आवाजच नाही. त्याचा आवाज कसा होता तेच मी विसरले."

मी पेजेची वाटी घेऊन चुलीपाशी गेले. त्याच सकाळी मी तुमचा आवाज पुरा ऐकला होता, शेअर बाजाराच्या भावांसकट.


१९ फेब्रुवारी

आज सगळ्या कचेऱ्यांत एकच विषय आहे. काल आपल्या सरसेनापतींच्या पत्नी अमेरिकेच्या संसदेत बोलल्या, सगळं सभागृह उभं राहिलं म्हणे. तुमच्या केंद्राने त्यांना भिकारीण म्हटलं. ते तुम्ही वाचलंत. पण मला लिहायचं आहे ते परवाचं आणि कालचं.

मी बियन साहेबांना सांगितलं. दार लावलं आणि म्हटलं, "शांघायचा चेन माझा नवरा आहे. त्याची आई मरायला टेकली आहे. तिला एकदा ऐकवायचं आहे."

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं, बाई."

"सांगितल्याशिवाय तिला इथे आणता आलं नसतं."

"मला वर कळवावं लागेल. समजतंय ना? माझ्याही घरी चार तोंडं आहेत."

"समजतं."

त्यांनी टोपी उचलली. "उद्या दुपारी मला बैठक आहे. बाकीच्यांनाही घेऊन जातो. रेडिओ तापायला वेळ लागतो, आधीच लावून ठेवा."

आईंना घरी सांगितलं तेव्हा वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला शिव्या घालतील. त्या म्हणाल्या, "तो जपान्यांकडे आहे?"

"त्यांच्या केंद्रावर बातम्या वाचतो."

"मला न्या."

डोलीवाल्यांनी त्यांना बांबूच्या डोलीतून पायऱ्या चढवून आणलं. त्यांनी नवा निळा कोट घातला होता, केस विंचरून घेतले होते, मुलाच्या घरी पहिल्यांदा जात असल्यासारख्या. खोलीत आम्ही दोघीच. मी यंत्र त्यांच्या कानांवर बसवलं आणि दुसरं यंत्र माझ्या एका कानाला लावलं.

तुम्ही नाव सांगितलंत आणि सुरू केलंत. चुंगकिंगची जनता उपाशी आहे, पुढाऱ्यांच्या बायका अमेरिकेत रेशमी कपडे मिरवताहेत, घराघरांतून म्हातारी माणसं मरताहेत आणि त्यांना विचारणारं कोणी नाही. आईंनी डोळे मिटले होते. त्यांचे ओठ हलत होते, लहान मूल पाठ म्हणताना आई मागून हलवते तसे. तुम्ही जिथे अडखळलात तिथे त्यांनी माझा हात दाबला. बातम्या संपल्या, बँडचं संगीत लागलं, तरी त्यांनी यंत्र काढू दिलं नाही. तेही सगळं ऐकलं.

मग म्हणाल्या, "हे त्याला लिहून कोण देतं?"

"असतात माणसं."

"त्याचं बोलणं असं नाही." थोड्या वेळाने, "चेन का म्हणतो? त्याच्या वडिलांनी ठेवलेलं नाव काय वाईट होतं?"

उत्तर त्यांनीच दिलं. "बरं केलं. नाव तरी त्यांच्या हाती दिलं नाही."

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. त्या असं म्हणाल्या, म्हणून लिहिते. माझं मत तसं नाही. ज्याला नाव लपवावंसं वाटतं, त्याला आपण काय करतोय ते कळत असतं. पण ते म्हणायला मी तिथे नव्हते, आईंना खाली उतरवायला होते.


२४ फेब्रुवारी

रविवारी पहाटे आई गेल्या.

त्रास झाला नाही असं लिहायचा रिवाज आहे. झाला. आदल्या दिवशी फार झाला. नंतर शांत पडून होत्या. रुईने पाय चेपले. शेवटी त्यांना वाटलं आपण च्याशिंगला आहोत, कारण त्यांनी मला सांगितलं की तळ्याकडचं दार लावून घे, बदकं आत येतील.

नदीपलीकडच्या टेकडीवर जागा मिळाली. ख्वांगनी दोन माणसं आणली, बियन साहेब स्वतः आले, शवपेटीला खांदा दिला. तुमच्या जागी रुईने धूप लावला आणि आईंना परलोकात लागतील म्हणून कागदी पैसे जाळले. धुक्यामुळे कागद ओले झाले होते, पेटत नव्हते. ती फुंकत बसली, तोंड काळं होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. घरी बसून काय करणार होते? तुम्ही होतात. हवेत गारठा असला तरी शांघायच्या बागांत आलुबुखाराची झाडं फुलली आहेत, लोक सहकुटुंब बघायला जात आहेत, असं तुम्ही प्रसन्न आवाजात वाचत होतात. मी लिहीत होते. तुमची आई वारली हे जगात त्या घडीला मला माहीत होतं आणि तुम्हाला नाही, आणि तुमचा आवाज माझ्या कानात होता, आणि तुम्हाला हाक मारायची काहीच सोय नव्हती. ताटातुटीच्या पाच वर्षांत मला तुमचा राग आला आहे, तुमची वाट बघून झाली आहे, पण तुमची कीव त्या दिवशी पहिल्यांदा आली. बागांनंतर तुम्ही हवामान वाचलंत.

तो माझा त्या खोलीतला शेवटचा दिवस होता.

काल मला बोलावणं आलं. चौकशी करणारा माणूस तरुण होता, सभ्य होता, चहा दिला. तुम्ही कधीपासून ओळखलात, आधी का नाही सांगितलंत, तो आवाजातून काही खुणा करतो का. मी म्हटलं, त्याला मी ऐकते हेच माहीत नाही. त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "बाई, बियन साहेबांनी तुमच्याबद्दल चांगलं लिहिलंय. प्रकरण वाढवायचं नाही आम्हाला. तुम्ही वर्तमानपत्रात एक जाहीर सूचना द्या. अमुक इसम शत्रूला मिळाला असून आजपासून त्याचा माझ्याशी आणि माझ्या मुलीशी काही संबंध नाही. बरेच लोक देतात. मग तुम्हाला दुसऱ्या खात्यात नकला करायचं काम मिळेल, तांदूळ चालू राहील, मुलीची शाळा चालू राहील."

"आणि नाही दिली तर?"

तो बिचारा अवघडला. "तर मग कठीण आहे."


२७ फेब्रुवारी

सूचना दिली. आज छापून आली आहे.

मसुदा त्यांनी तयार करून दिला होता. त्यात एक वाक्य होतं, 'ज्याने मरणोन्मुख मातेस टाकून दिले.' ते मी खोडलं. तो तरुण म्हणाला, "राहू द्या ना, वजन येतं." मी म्हटलं, त्यांच्या आईने तसं काही म्हटलेलं नाही. बाकीचं तसंच ठेवलं. तुमचं खरं नाव छापलं आहे, चेन नाही. तुमच्याकडेही आमची वर्तमानपत्रं येतात आणि कोणीतरी बसून वाचतं, हे मला माहीत आहे. कदाचित ख्वांगच्या आधी ती तुमच्यापर्यंत पोचेल. कदाचित तिचा तुम्हाला त्रास होईल, किंवा तिथे उलट कौतुकही होईल. मला अंदाज नाही.

तुम्ही विचाराल, मनापासून दिलीस का. तांदळासाठी दिली. रुईसाठी दिली. आणि थोडी मनापासूनही दिली, शाओथांग. जवळजवळ तीन आठवडे रोज तुमचं ऐकलं. पहिले काही दिवस मी तुमच्या थांबण्यात, अडखळण्यात तुम्हाला शोधत होते. नंतर तुमचं अडखळणं कमी झालं. तुम्हाला ते काम चांगलं जमायला लागलं आहे.

तुम्ही का गेलात तिथे, हे मला माहीत नाही. धमकावलं असेल, उपाशी असाल. शाळा बंद झाली असेल. इथल्या लोकांना ते विचारायचं नसतं आणि मला विचारायचं होतं, पण हवेतून विचारता आलं नाही.

ख्वांग आले आहेत. ओसरीत चहा पिताहेत, गाठोडं बांधलेलं आहे, उजेड आहे तोवर नावेवर पोचायचं आहे. ते म्हणाले, "परत येताना एक हमाल म्हणून एखादा माणूस आणता येतो. पूर्वी आणलाय. सांगू का त्यांना?" मी म्हटलं, "वाट कशी आहे तेवढं सांगा. ये म्हणू नका." आलात तर इथे तुम्हाला कोणी हार घालणार नाही. पकडतीलच, आणि मी सही केलेला कागद तुमच्यासमोर ठेवतील. हे सगळं समजून काय ते ठरवा. मी ठरवण्याच्या पलीकडे दमले आहे.

एवढ्यावर पत्र बंद करणार होते, तर रुई शाळेतून आली. शाळेच्या भिंतीवर वर्तमानपत्र लावतात. दप्तर न उतरवताच म्हणाली, "मा, तुझं नाव छापलंय."

"वाचलंस?"

"सगळ्यांनी वाचलं. बाईंनी मला उभं केलं आणि वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या." ती रडत नव्हती. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "आता मी बाबांबद्दल वाईट बोलायचं का?"

"नको."

"मग चांगलं?"

"तेही नको, बाळ."

"मग कोणी विचारलं तर काय बोलू?"

ती अजून तिथेच उभी आहे. ख्वांग उठले आहेत, दोर खांद्यावर घेताहेत. मी लिहीत असताना ती माझ्या हाताकडे बघते आहे; तिला वाटतंय मी उत्तर लिहिते आहे.

पेइलान